वारसाचे देणे आणि जामीनदाराचे देणे

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात किंवा शिंदखेड्याकडच्या कापसाच्या गावांत घरचा कर्ता माणूस गेला, की दहाव्याच्या आतच त्याच्या कर्जाची चर्चा सुरू होते आणि तीत वारस व जामीनदार यांना हमखास एकाच दावणीला बांधले जाते. वास्तविक वारसावर जबाबदारी येते ती मिळकतीमुळे, तर जामीनदारावर सहीमुळे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० व ५२ प्रमाणे वारसाकडून होणारी वसुली त्याच्या हाती आलेल्या मृताच्या मालमत्तेच्या मर्यादेतच राहते. समजा, बागेसाठी काढलेल्या कर्जापैकी वडिलांकडे ५ लाख रुपये थकले आणि मुलाच्या हाती त्यांची २ लाखांचीच मालमत्ता आली, तर उरलेल्या ३ लाखांसाठी त्याच्या पगाराला हात लावता येत नाही. बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, एवढ्याच आधारावर हिंदू मुलाकडून वसुली करण्याची वाटही हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांपुरती बंद केली. तरीही वारसाने गाफील राहू नये. वडिलांच्या ठेवी मोडून पैसा कुठे गेला, याचा समाधानकारक हिशेब न्यायालयात देता आला नाही, तर तेवढ्या रकमेपुरती वसुली त्याच्यावर व्यक्तिशः निघते. म्हणून अंत्यविधीच्या खर्चाच्या पावत्यासुद्धा जपलेल्या बऱ्या. सातबाऱ्यावर इतर हक्कांत चढलेला बोजाही वारसनोंद झाली म्हणून उतरत नाही, तो जमिनीबरोबरच येतो.

जामीनदाराला मालमत्तेची ही मर्यादा लागू नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर त्याचे देणे मूळ कर्जदाराइतकेच असते. त्यामुळे मृताच्या मागे काहीही उरले नसले, तरी निव्वळ शब्दाखातर सही करणाऱ्या मेहुण्याकडे पूर्ण ५ लाख मागता येतात, आणि आधी वारसांकडे जा, असे त्याला सहसा म्हणता येत नाही. पैसे भरल्यावर मात्र तो धनकोच्या जागी येतो आणि मृताच्या मालमत्तेतून ते परत मागू शकतो.

खरा घोटाळा होतो तो मुलानेच कर्जाच्या वेळी जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केलेली असते तेव्हा, कारण वारसाला मिळणारी मर्यादा मग त्याच्या कामी येत नाही. म्हणून सोसायटीच्या वा बँकेच्या कागदावर ‘वारस’ म्हणून नवी सही करण्यापूर्वी कर्जप्रकरणाची नक्कल मागून जुन्या सह्या पाहाव्यात, आणि नव्या कागदात सगळे देणे स्वतः फेडण्याची हमी घातलेली नाही ना, हेही वाचून घ्यावे.