सिरॅमिक फोम फिल्टर : पोलाद ओतकामातील उष्णबल

पोलादाच्या रसातील स्लॅग (मळी), वाळू आणि ऑक्साइडचे कण अडवण्यासाठी रनरमध्ये (साच्यात रस नेणाऱ्या वाटेत) बसवायची सच्छिद्र सिरॅमिक वडी. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले वसाहतींतील फाउंड्र्यांत प्रामुख्याने ग्रे व एसजी आयर्न (बिडाचे दोन प्रकार) ओतले जाते. तिथला ओळखीचा फिल्टर सिलिकॉन कार्बाइडचा. पोलादाला तो चालत नाही. त्याची मजल साधारण १,५०० °से. पर्यंत; पोलाद बहुधा १,५५० ते १,६५० °से. ला ओततात. शिवाय कार्बाइड रसात विरघळून कार्बन व सिलिकॉन वाढतात. म्हणून मॅग्नेशियाने अंशतः स्थिर केलेला झिर्कोनिया किंवा कार्बनबंधित ॲल्युमिना घेतात.

पॉलियुरेथेनचा स्पंज सिरॅमिक गाऱ्यात बुडवायचा, रुळांतून पिळायचा, वाळवून भाजायचा, ही रीत श्वार्ट्‌झवाल्डर व सोमर्स यांच्या १९६३ च्या अमेरिकी पेटंटात आहे. पोलादासाठी तिचा वापर बराच नंतरचा, बहुधा १९८० च्या दशकातला. स्पंज जळून गेल्यावर प्रत्येक काडी आतून पोकळ, तिकोनी राहते व कोपऱ्यांत बारीक भेगा पडतात. दुसरा लेप देतात तो त्या बुजवण्यासाठी. सच्छिद्र पदार्थांसाठीच्या गिब्सन-ॲशबी सूत्राप्रमाणे बल सापेक्ष घनतेच्या (भरीव सिरॅमिकच्या तुलनेतील घनतेच्या) १.५ व्या घाताच्या प्रमाणात बदलते : घनता ०.१० वरून ०.१५ केली की बल सुमारे १.८ पट, मात्र छिद्रे बुजून रस अडतो.

फिल्टर नेमका कशाने मोडतो, यावर दोन मते आहेत. एक दोष देते उष्णताघाताला (अचानक तापून तडकण्याला), दुसरे कणसीमांवरील सिलिकायुक्त काच मऊ पडून होणाऱ्या विसर्पणाला (उष्णतेत भाराखाली हळूहळू वाकण्याला). मोडण्याची वेळ पाहिली तर दोन्ही आपापल्या जागी बरोबर ठरतात. पहिल्या काही सेकंदांतली मोड आघाताची. लांबलेल्या ओतकामातली विसर्पणाची. झिर्कोनियाचे स्थिरीकरण अपुरे असेल, तर सुमारे १,१७० °से. च्या स्फटिकरचनेच्या रूपांतरात आकारमान ४-५ टक्के बदलून भेगा आधीच पडलेल्या असतात. थंड अवस्थेतले दाबबल वाहतूक व हाताळणीपुरते उपयोगी; त्यावरून उष्णबल (तापलेल्या अवस्थेतले बल) ठरवणे धोक्याचे.

फिल्टरच्या चारही कडा सीटवर टेकल्या पाहिजेत आणि लाडलची (रस ओतण्याच्या भांड्याची) धार थेट अंगावर पडता कामा नये. पोलादाला सहसा इंचाला दहा छिद्रांचा फिल्टर घेतात. झिर्कोनिया जड असल्याने जास्त उष्णता शोषतो. रस थंड असेल तर छिद्रांतच गोठतो. कार्बनबंधित फिल्टरला कमी सुपरहीट (वितळबिंदूच्या वरचे जादा तापमान) पुरते, पण कमी कार्बनच्या पोलादात थोडा कार्बन वाढू शकतो. रनर कापून पाहावा : वडी प्रवाहाच्या दिशेने वाकलेली असेल तर विसर्पण, कडा धारदार तुटलेल्या असतील तर आघात.