मांज्यातली ट्यूब

संक्रांत जवळ आली की आमच्याकडे उडालेल्या ट्यूबलाइटला भारी किंमत यायची. तिची काच पातळ, लवकर बारीक होते. आधी ती फोडून 'ठो' आवाजाची मजा घ्यायची, मग सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, दगडावर वरवंट्यानं वाटायची, फडक्यातून गाळायची आणि भाताच्या खळीत कालवून मांजा घोटायचा. वाटताना बोटांना पांढरी भुकटी लागायची. ती आम्ही चड्डीला पुसायचो.

ती भुकटी म्हणजे काय, हे पुढं कॉलेजात कळलं. ट्यूब किंवा सीएफएलमध्ये (वळवलेल्या नळीचा छोटा दिवा) तार तापून उजेड पडत नाही. आत थोडासा पारा असतो. वीज वाहू लागली की पाऱ्याची वाफ अतिनील किरण सोडते, बहुतेक 254 नॅनोमीटर तरंगलांबीचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे. काचेला आतून लावलेली पांढरी भुकटी ते शोषते आणि दिसणारा उजेड देते. दिवा जुना होत जातो तसा आतला बराचसा पारा याच भुकटीत मुरतो. म्हणजे आम्ही वाटत होतो ते नेमकं तेच.

सीएफएलमध्ये पारा साधारण 3 ते 5 मिलिग्रॅम, जुन्या जाड ट्यूबमध्ये त्याहून कितीतरी जास्त. तापाच्या काचेच्या थर्मामीटरमध्ये मात्र 500च्या आसपास. तेव्हा एखादा दिवा फुटला म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पंखा बंद करा, पोरांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडून 10-15 मिनिटं घर मोकळं सोडा. झाडू मात्र फिरवू नका. भुकटी उडते, काड्यांत अडकते आणि उद्या देवघरापर्यंत पोचते. तुकडे पुठ्ठ्यानं उचला, बारीक कण चिकटपट्टीनं टिपा, ओल्या कागदानं पुसा आणि सगळं झाकणाच्या बरणीत टाका. जमीन सारवलेली असेल तर वरचा पापुद्राही खरवडून त्याच बरणीत.

मला खरी काळजी घराची नाही, उकिरड्याची वाटते. गावात उडालेला दिवा तिथंच जातो. उन्हाळ्यात ते खत बंडीत भरून धानाच्या बांध्यांमध्ये पडतं आणि पावसाळ्यात बाया चिखलात अनवाणी रोवणी करतात. काच रुततेच. पारा दिसत नाही, पण साचल्या पाण्याखालच्या चिखलात, जिथं प्राणवायू नसतो तिथं, काही जिवाणू त्याचं मिथिल मर्क्युरी नावाचं विष करतात. ते मासोळीच्या अंगात साठतं आणि लहान मासोळ्या खाणाऱ्या मरळीत आणखी जास्त. जपानच्या मिनामाता गावात 1956 साली उघडकीला आलेला आजार याच विषाचा. तिथं कारखाना वर्षानुवर्षं सांडपाणी खाडीत सोडत होता, त्याची बरोबरी आपल्या चार दिव्यांशी करणं चूक. पण भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांत पाणी वरच्या शेतांतूनच उतरतं, आणि पारा काही कुजून नाहीसा होत नाही.

कबाडीला द्यावं, तर तो टोकाच्या टोप्यांच्या ॲल्युमिनियमसाठी ट्यूब तिथंच फोडतो. नियम चांगले आहेत: 2016च्या घनकचरा नियमांनी सीएफएल आणि ट्यूब यांना 'घरगुती घातक कचरा' ठरवलं होतं, आणि ई-कचरा नियमांनी त्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आमच्या ग्रामपंचायतीच्या घंटागाडीत मात्र ओला आणि सुका, एवढे दोनच कप्पे. एलईडीत पारा नसतो, जुन्या पिवळ्या बल्बमध्येही नसायचा. पण 2015नंतर घरोघर एलईडी आले, आणि माळ्यावर पडून राहिलेले सीएफएल आता दिवाळीच्या साफसफाईत बाहेर निघतात.

मी एक सोपं करतो. नव्या चार फुटी एलईडी पट्टीचा खोका टाकत नाही, जुनी ट्यूब त्यात बरोबर मावते. सीएफएल वर्तमानपत्रात गुंडाळून टिनाच्या डब्यात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर अधिकृत ई-कचरा केंद्रांची यादी आहे, नागपूरला जाणं झालं की त्यातल्या एकाकडे देऊन येतो. सध्या माळ्यावर तीन खोके आहेत. परवा शेजारचा पोरगा विचारून गेला, "काका, ट्यूब आहे का? मांजा घोटायचाय." त्याला सोड्याची फुटकी बाटली दिली. काच जाड आहे म्हणून कुरकुरत गेला.