काट्यावर 46 किलो, कागदावर 27: मसल मास नेमकं कुठलं?

घरच्या स्मार्ट काट्यावर ‘मसल मास 46 किलो’, आणि जिममधल्या बीसीएच्या (शरीरात चरबी किती, स्नायू किती ते सांगणाऱ्या तपासणीच्या) कागदावर ‘स्केलेटल मसल मास 27 किलो’. माणूस तोच, आठवडाही तोच. वजन 65, चरबी साधारण 25 टक्के. मधले 19 किलो स्नायू गेले कुठे? कुठेच नाहीत, कारण ते स्नायू नव्हतेच.

घरचा काटा बहुतेकदा एकूण वजनातून चरबी वजा करतो, मग हाडांतली खनिजं वजा करतो आणि उरेल त्या सगळ्याला ‘मसल’ म्हणतो. त्या उरलेल्यात दीड किलोचं यकृत आलं, जवळपास तेवढाच मेंदू, पाचेक लिटर रक्त, आतडी, मूत्रपिंडं, कातडी. हा खरं तर लीन मासचा, म्हणजे चरबी आणि हाडांतली खनिजं सोडून उरलेल्या वजनाचा आकडा. ‘मसल’ हे नाव विकायला बरं पडतं, इतकंच. स्केलेटल मसल म्हणजे फक्त हाडांना धरून असलेले, आपल्या हुकमाने हलणारे स्नायू: दंड, मांड्या, पोटऱ्या, पाठ. हृदयसुद्धा यात धरत नाहीत. लीन मासमधला साधारण निम्मा वाटा यांचा. 468 जणांचे एमआरआय काढून केलेली मोजणी 2000 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात हे स्नायू पुरुषांत वजनाच्या सरासरी 38 टक्के आणि बायकांत 31 टक्के भरले. काट्यावरचे 46 किलो म्हणजे 71 टक्के. इतके तर तालमीतल्या पैलवानालाही नसतात.

अर्थात कागदावरचे 27 देखील कुणी तोलून काढलेले नाहीत. यंत्र अंगातून अगदी सौम्य वीज सोडतं आणि किती अडथळा झाला ते बघतं. स्नायूंत पाणी भरपूर, म्हणून वीज सहज जाते, चरबीत अडखळते. बाकी सगळं सूत्र. त्याच 2000 सालच्या गटाने एमआरआयशी ताडून बसवलेल्या सूत्रात वयाच्या प्रत्येक वर्षामागे 0.071 किलो वजा होतात. म्हणजे 55 वर्षांच्या माणसाने वय 35 सांगितलं की जागच्या जागी सुमारे 1.4 किलो स्नायू वाढले! म्हणून दर वेळी यंत्र तेच, वेळ सकाळची, पोट रिकामं, लघवीला जाऊन आल्यावर. आणि बघायचा तो कल, एकटा आकडा नाही. पेसमेकर असेल तर या यंत्रावर उभंच राहू नये.

डेक्सा स्कॅनलाही (क्ष-किरणांनी हाडं, चरबी आणि लीन वेगळं मोजणारी तपासणी) थेट स्नायू दिसत नाही, त्यालाही लीनच दिसतं. पण तिथे एक साधी युक्ती केली जाते: फक्त हातापायांचं लीन धरायचं. हातापायांत यकृत नसतं ना! ते किलो मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या निकषांत पुरुषांत 7.0 च्या खाली आणि बायकांत 5.4 च्या खाली म्हणजे स्नायू कमी.

हा फरक दवाखान्यात जास्त महागात पडतो. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा हिस्सा हेच स्नायू उचलतात, आणि लांबलेल्या आजारपणात शरीर प्रथिनांची उसनवारी यांच्याकडूनच करतं. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारात पायांवर सूज आली तर साचलेलं पाणी लीनमध्येच मोजलं जातं. आकडा चढतो, मांड्या वाळत असतात.

नुसत्या वजनावरून तर काहीच कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी आपले फोटो छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांना मधुमेह कसा होतो, हा प्रश्न त्या एका चित्रात आहे.

यंत्र नसेल तर शिंप्याची टेप चालते. पोटरी सगळ्यात जाड असेल तिथे घेर घ्या. पुरुषाचा 34 सेंटिमीटरच्या आत, बाईचा 33 च्या आत आला तर पुढची तपासणी करावी. पाय सुजलेला असेल तर टेपही फसते. तेव्हा हात छातीशी घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसायला सांगा. 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर काट्यावर 46 असोत की 56, डॉक्टरांना दाखवा.