एकत्रित नमुना चाचणी

अनेक व्यक्तींच्या नमुन्यांचा थोडाथोडा अंश एका नळीत मिसळून त्या मिश्रणाची एकच चाचणी करण्याची पद्धत. मिश्रण निगेटिव्ह आले तर त्यातील सगळेच सुटतात. पॉझिटिव्ह आले तर राखून ठेवलेले मूळ नमुने एकेक करून पुन्हा तपासतात. प्रयोगशाळेत हिला नुसते ‘पूलिंग’ म्हणतात. कोव्हिड-१९ च्या साथीत किट अपुरी आणि तपासायची माणसे अफाट, अशा स्थितीत ही पद्धत सर्वतोमुखी झाली.

उगम : पहिला छापील पुरावा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट डॉर्फमन यांच्या १९४३ च्या लेखाचा. अमेरिकन सैन्यात भरती होणाऱ्यांची उपदंशासाठी रक्ततपासणी होई. त्यांत बाधित मोजकेच निघत, आणि तेवढ्यांसाठी प्रत्येकाच्या रक्तावर वेगळी चाचणी खर्ची पडे. कल्पना नेमकी कोणाची, यावर मात्र एकमत नाही. १९४२ च्या अखेरीस किंवा १९४३ च्या प्रारंभी वॉशिंग्टनमधील किंमत-नियंत्रण कार्यालयातील सांख्यिकीतज्ज्ञांच्या चर्चेतून ती निघाली, एवढे बहुधा मान्य आहे. त्याच कार्यालयातील डेव्हिड रोझेनब्लॅट यांना ती आधी सुचली असे एक मत आहे. चर्चेत सुचणे आणि गटाचा किफायतशीर आकार गणिताने ठरवून देणे या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या, तर पद्धतीचे श्रेय डॉर्फमन यांच्याकडे ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते. गंमत अशी की उपदंशासाठी तेव्हा ती प्रत्यक्षात रुजलीच नाही. मिसळलेल्या रक्तात एकाच्या बाधेची खूण पुसट होई. पुढे रक्तपेढ्यांत, विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या न्यूक्लिक आम्ल चाचणीत तिला खरे काम मिळाले.

गणित : बाधितांचे प्रमाण p आणि गटातील नमुने k असले, तर दर माणशी सरासरी १/k + १ − (१−p)ᵏ चाचण्या लागतात. पाचाच्या गटात, प्रमाण २ टक्के असता शंभर माणसांमागे सुमारे ३० चाचण्या पडतात, ५ टक्क्यांना सुमारे ४३, २० टक्क्यांना ८७. प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास गेले की कोणत्याही आकाराचा गट केला तरी बचत उरत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने एप्रिल २०२० मध्ये पाचापर्यंतच्या गटास मुभा दिली : बाधित २ टक्क्यांहून कमी असलेल्या भागात सरसकट, २ ते ५ टक्के असता केवळ लक्षणे नसलेल्यांच्या पाहणीसाठी, त्यावर नाही. ही मर्यादा निव्वळ बचतीच्या गणितातून आलेली दिसत नाही, कारण ५ टक्क्यांनाही निम्म्याहून अधिक चाचण्या वाचतात. गट पॉझिटिव्ह आला की यंत्रावर दुसरी फेरी लागते, आणि तेवढा वेळ रुग्ण अहवालाविना राहतो. मर्यादेचे कारण बहुधा हेच असावे.

सौम्यीकरण : पाच नमुने मिसळले की विषाणूचा अंश पाचपट विरळ होतो, आणि आरटी-पीसीआरमध्ये तो दिसायला साधारण २.३ आवर्तने अधिक लागतात (दर आवर्तनाला अंश दुप्पट होतो). पंचवीस मिसळले तर ४.६. परदेशांतून परतणाऱ्यांसाठी व स्थलांतरितांसाठी मे २०२० मध्ये पंचविसांचा गट मान्य झाला, तेव्हा उंबरठ्याजवळचे, म्हणजे अत्यल्प विषाणू असलेले रुग्ण निसटण्याची ही किंमत पत्करलेलीच होती. प्रत्यक्ष कामात मात्र गोंधळाचे मूळ पिपेट नसून नोंदवही असते. पाच नळ्यांतून सारखेच द्रव उचलायचे, सहाव्या नळीवर गटक्रमांक घालायचा, मूळ पाच थंडीत परत ठेवायच्या, आणि संध्याकाळी गट पॉझिटिव्ह आला की नेमक्या त्याच पाच हाती लागल्या पाहिजेत.

मुंबई : शहरातील पहिले रुग्ण ११ मार्च २०२० रोजी नोंदले गेले, आरंभीच्या चाचण्यांचा भार चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयावर होता. किटची चणचण असताना पूलिंगची गरज मोठी होती, पण त्याच काळात वस्त्यांतून बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या बरेच वर गेले. शहराला एकच टक्केवारी लावणेही फसवे होते. जुलै २०२० मध्ये दहिसर, चेंबूर व माटुंगा यांचा समावेश असलेल्या तीन वॉर्डांच्या रक्तपाहणीत झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के, तर इतरत्र सुमारे १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. हे आकडे होऊन गेलेल्या संसर्गाचे, त्या दिवशीच्या बाधितांचे नव्हेत. तरी दरी पुरेशी स्पष्ट आहे.

चाळीच्या शहरात एक मुद्दा दुर्लक्षित राहतो. वरील सूत्र माणसे एकमेकांपासून अलिप्त आहेत असे धरते. एका खोलीतील पाच जण मात्र पुष्कळदा एकत्रच बाधित होतात किंवा एकत्रच वाचतात. त्यांचे स्वॅब एकाच गटात घातले तर पॉझिटिव्ह गट कमी येतात आणि सौम्यीकरणही घटते. ‘सगळे किंवा कोणीच नाही’ हे टोक गृहीत धरले, तर ५ टक्के प्रमाणाला ४३ ऐवजी २५ चाचण्या पुरतात. नमुने आले त्या क्रमाने नळ्या मांडल्या की हा फायदा हातचा जातो.

पवईच्या आयआयटीतील मनोज गोपालकृष्णन, अजित राजवाडे व सहकाऱ्यांनी ‘टॅपेस्ट्री’ ही एकाच फेरीत निकाल देणारी रचना मांडली. तीत प्रत्येक नमुना तीन नळ्यांत जातो आणि कोणतेही दोन नमुने एकाहून अधिक नळ्यांत एकत्र येत नाहीत, त्यामुळे कोणत्या नळ्या पॉझिटिव्ह आल्या यावरून बाधित ओळखता येतात. ९६१ नमुन्यांना ९३ नळ्या, म्हणजे प्रत्येक नळीत ३१ नमुने. हिच्या मुळाशी टॉमस कर्कमन यांचे १८५० चे कोडे आहे : पंधरा मुली सात दिवस तिघी-तिघींच्या रांगांनी फिरायला जातात, कोणतीही जोडी दोनदा जुळता कामा नये. इथे मुलींच्या जागी नळ्या, आणि तिघींच्या रांगेच्या जागी एक नमुना. रचना देखणी, पण बाधित सुमारे एक टक्क्याच्या आत असतानाच ती खुलते.

सांडपाणी : नाल्याचे पाणी म्हणजे आयताच मिसळलेला नमुना. त्यात पोलिओचा विषाणू शोधण्याचे भारतातील काम २००१ मध्ये मुंबईतच सुरू झाले. तपासणी परळच्या हाफकिन आवारातील विषाणू प्रयोगशाळेत होई. इथे मूळ नळ्या राखलेल्या नसतात, त्यामुळे माणसापर्यंत परत जाता येत नाही. वस्ती तेवढी कळते, आणि पुढचे काम घरोघर डोस पाजणाऱ्या पथकांकडे जाते.