घरच्या फाइल सर्व्हरसाठी हलकं लिनक्स: पार्श्वभूमी

हलकं लिनक्स शोधायला निघालं की पपी आणि टायनी कोअर ही नावं हमखास समोर येतात. दोन्ही गुणी आहेत, पण जुन्या पीसीवर डेस्कटॉप चपळ चालावा म्हणून घडलेली. फाइल सर्व्हरला, म्हणजे घरातल्या सगळ्यांना नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या यंत्राला, बहुधा मॉनिटरही जोडलेला नसतो.

सर्व्हरची परंपरा याहून जुनी. 1992 च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. युनिक्स यंत्रावरच्या फाइली डॉसच्या पीसीवरून उघडता याव्यात, एवढंच त्याचं काम. त्यातूनच सांबा हे फाइली वाटण्याचं सॉफ्टवेअर उभं राहिलं. तेव्हाच्या यंत्रांची मेमरी आजच्या मानाने नगण्य होती, तरी काम होत असे. फाइली वाटणं मुळातच हलकं काम आहे. वजन वाढतं ते डेस्कटॉपमुळे.

याचा सर्वांत सुंदर पुरावा म्हणजे यूएसबी डिस्क नेटवर्कवर आणणारा 2004 चा लिंक्सिस एनएसएलयू2. 32 एमबी रॅम, 8 एमबी फ्लॅश आणि यूएसबी डिस्क जोडायला दोन पोर्ट, एवढाच तो डबा. आत लिनक्स आहे म्हटल्यावर हौशी मंडळींनी त्याचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदललं आणि पुढे त्यावर चक्क डेबियन हे मोठं, सर्वसाधारण लिनक्स चालवलं. खास ‘हलकी’ म्हणून बनवलेली नव्हे, तर डेस्कटॉप वगळलेली नेहमीची आवृत्ती! घरच्या सर्व्हरचा विचार इथूनच सुरू करावा, असं मला मनापासून वाटतं.

2012 मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त संगणक आला. त्यात नेटवर्क आणि डिस्क एकाच यूएसबी 2.0 मार्गावर होते. त्यामुळे कितीही हलकी प्रणाली टाकली तरी वेग तिथेच अडायचा. ती अडचण 2019 च्या पाय 4 ने दूर केली.

दरम्यान अल्पाइन लिनक्स आकाराला आलं होतं: बिझीबॉक्स या छोट्या कमांड-संचावर उभारलेलं, 2014 पासून मसल ही आटोपशीर सी लायब्ररी वापरणारं, खरोखर सडपातळ. 2011 मध्ये आलेल्या ओपनमीडियाव्हॉल्टने डेबियनवरच वेब पॅनेल, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायची सोय, चढवलं. ज्यांना कमांड टाइप करायची नसेल त्यांचं काम त्याने सोपं केलं.

मे 2017 मधल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या हल्ल्याने मात्र निवडीचा निकषच बदलला. विंडोजमधल्या एसएमबी1 या फाइली वाटण्याच्या जुन्या प्रोटोकॉलमधल्या त्रुटीतून तो पसरला. सांबानेही 2019 मधल्या 4.11 आवृत्तीत एसएमबी1 डीफॉल्टनेच बंद ठेवलं. तेव्हापासून इन्स्टॉल करायची आयएसओ फाइल किती एमबीची, यापेक्षा सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळतील हे आधी पाहावं लागतं. डेबियनच्या एका आवृत्तीला एलटीएस (वाढीव मुदतीचा आधार) धरून साधारण पाच वर्षं मिळतात, अल्पाइनच्या शाखेला दोन. रॅमची काटकसर व्यर्थ नाही, कारण मोकळी मेमरी कर्नल (प्रणालीचा गाभा) फाइल कॅशसाठी, म्हणजे नुकत्याच वापरलेल्या फाइली हाताशी ठेवायला, वापरतो. पण डेस्कटॉप वगळलेलं डेबियन आणि अल्पाइन यांच्यातला रॅमचा फरक 2 जीबीच्या यंत्रावर जाणवतही नाही.

माळ्यावरचा पीसी 32-बिट असेल, तर गणित वेगळं. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ने अशा पीसींसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल देणं थांबवलं आहे.