इंडक्शन शेगडी आणि वीजबिलाचा गैरसमज

‘इंडक्शन शेगडीने वीजबिल डोईजड होते, गॅसच स्वस्त’ असे गोव्यात वर्षानुवर्षे हिशेब न मांडताच सांगितले जाते. घरगुती सिलिंडरमधील १४.२ किलो गॅसात सुमारे १८० युनिट विजेइतकी उष्णता असते, पण साध्या शेगडीवर तिच्यातील साधारण ६० टक्केच भांड्यापर्यंत पोचते, तर इंडक्शनवर सुमारे ८५ टक्के. म्हणजेच एका सिलिंडरचा स्वयंपाक १२५ ते १३० युनिटांत होतो. या युनिटांना आपल्या बिलातील वरच्या टप्प्याच्या दराने गुणून (वापर वाढला की टप्पा बदलतो, हे विसरू नये) सिलिंडरच्या किमतीशी ताडून पाहावे. बिल वाढते हे खरेच. वाचलेला सिलिंडर मात्र कोणी मोजत नाही. जुन्या घरांत आधी वायरिंग तपासावे आणि गरज असल्यास वीज खात्याकडून मंजूर भार (घराला एका वेळी वापरता येणाऱ्या विजेची मर्यादा) वाढवून घ्यावा.