‘सिम्स’च्या पुढे काय? खेळाडूंच्या मागण्यांची पार्श्वभूमी

‘द सिम्स’ हा संगणकावरचा खेळ: ‘सिम’ नावाची माणसं घडवायची, त्यांची घरं बांधायची, त्यांचा संसार चालवायचा. सप्टेंबर 2024 मध्ये त्याच्याबद्दल एक गोष्ट अधिकृतपणे स्पष्ट झाली: ‘द सिम्स 4’ला बाजूला सारून त्याच्या जागी पाचवा भाग येणार नाही. आहे तोच खेळ चालू राहणार, त्यात भर पडत राहणार आणि जोडीला ‘प्रोजेक्ट रेने’ हा मित्रांसोबत खेळायचा वेगळा खेळ तयार होणार. वरवर पाहिलं तर ही गिऱ्हाइकाच्या सोयीची बातमी होती, कारण नवा भाग नाही म्हणजे आजवर विकत घेतलेलं वाया जायची भीती नाही. तरीही खेळाडूंमध्ये नाराजी उसळली. तिची मुळं दहा वर्षं मागे, 2014 च्या पावसाळ्यात आहेत.

त्याआधीचा इतिहास बहुतेकांना तोंडपाठ आहे, म्हणून थोडक्यात. संगणकाच्या पडद्यावर एका माणसाच्या घरात डोकावायची कल्पना 1985 च्या ‘लिटल कंप्युटर पीपल’मध्येच होती. 1991 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या आगीत एका गेम डिझायनरचं घर जळालं आणि घर नव्याने उभं करता करता त्याला जे सुचलं, त्यातून पुढे 4 फेब्रुवारी 2000 ला ‘द सिम्स’ बाजारात आला. 2004 च्या दुसऱ्या भागात माणसं म्हातारी व्हायला लागली, पोरांना आईबापांचे नाकडोळे मिळायला लागले. पोहायच्या तलावाची शिडी काढून घेऊन सिमला बुडवायचा दुष्ट प्रकार सगळ्यांनीच केला आहे, त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

2009 चा तिसरा भाग मात्र नीट समजून घ्यावा लागतो. आजच्या निम्म्याहून जास्त मागण्या या ना त्या रूपात तिथेच जाऊन पोचतात. या भागात अख्खं गाव एकसंध होतं. सिम घरातून निघून चालत किंवा गाडीने बागेत जायचा, मध्ये लोडिंग स्क्रीन, म्हणजे पुढची जागा उघडेपर्यंत थांबवणारा पडदा, नाही. दुसरं म्हणजे ‘क्रिएट अ स्टाइल’. कोणत्याही वस्तूला कोणताही रंग, कोणताही पोत देता यायचा. पडद्याचा पट्टेरी नमुना उचलून शर्टावर टाका, फरशीचा उचलून सोफ्यावर टाका. स्वतःचा नमुना तयार करायचं अधिकृत साधनही मिळायचं.

याची किंमतही होती आणि जुन्या आठवणी काढताना ती सोयीस्करपणे विसरली जाते. खेळ 32 बिटचा, त्यामुळे मशीनमध्ये कितीही मेमरी असली तरी तो एका मर्यादेपलीकडे वापरूच शकायचा नाही. सेव्ह फाइल फुगत जायची. गावाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात एखादा सिम अडकून पडायचा आणि त्याच्यापायी सगळं गाव अडखळत चालायचं. 2013 च्या ‘आयलंड पॅराडाइज’ या पॅकमधलं, म्हणजे मूळ खेळाला वेगळं विकत घेऊन जोडायच्या भरीमधलं, बेट ज्यांनी साध्या लॅपटॉपवर चालवून पाहिलं, त्यांना वेगळं सांगायची गरज नाही.

आता 2014. चौथा भाग सप्टेंबरमध्ये यायचा होता. जुलैमध्ये कळलं की त्यात पोहायचे तलाव नसतील आणि टॉडलर, म्हणजे पाळण्यातलं बाळ आणि शाळकरी पोर यांच्यामधली दुडदुडती मुलं, नसतील. एकसंध गाव नाही आणि हवा तो रंग देण्याची सोयही नाही, हे आधीच कळलेलं होतं. निर्मात्यांचं म्हणणं असं, की या वेळी भर सिमच्या भावनांवर, बांधकामाच्या नव्या पद्धतीवर आणि पात्रं घडवण्याच्या साधनांवर आहे. सगळंच एका वेळी करता येत नाही, निवड करावी लागली. कारण अगदीच खोटं नव्हतं. चौथ्या भागात भिंती ओढून खोल्या मोठ्या करता येतात, चेहरा मातीसारखा हाताने दाबून घडवता येतो, आणि हे दोन्ही आजही उत्तमच आहे. खेळ जुन्या लॅपटॉपवर सुरळीत चालतो, हेही मोठं काम.

पण टॉडलर वगळणं म्हणजे एखादं फर्निचर वगळण्यासारखं नव्हतं. हा खेळ खेळणाऱ्यांचा एक मोठा गट पिढ्यानपिढ्या चालवतो: आजी, आई, मुलगी, नात. त्यांच्यासाठी मूल वाढवणं हाच खेळ. त्यांना मिळालं काय, तर पाळण्याला चिकटलेलं बाळ. त्याला पाळण्यापासून दूर नेता यायचं नाही, बागेत नेता यायचं नाही. तांत्रिकदृष्ट्या ते पाळण्याचाच भाग होतं, म्हणून खेळाडूंनी त्याचं नाव ‘ऑब्जेक्ट बेबी’ पाडलं. मग एके दिवशी वाढदिवस व्हायचा आणि पाळण्यातून थेट शाळेत जाणारा मुलगा बाहेर पडायचा. पहिलं पाऊल नाही, पहिला शब्द नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात बोलायला, चालायला शिकवणं हा तासन्‌तास चालणारा उद्योग होता. तो एका फटक्यात गेला.

यावर ऑनलाइन याचिका निघाल्या, बहिष्काराची भाषा झाली. नंतर हेही बाहेर आलं, की चौथा भाग मुळात ऑनलाइन, अनेकांनी मिळून खेळायचा खेळ म्हणून आखला होता आणि अर्ध्या वाटेवर बेत बदलला. त्याच घराण्यातल्या ‘सिमसिटी’चं मार्च 2013 मध्ये सर्व्हर कोलमडून जे हसं झालं, ते ताजं होतं. खेळाडूंनी दोन आणि दोन चार केले: ऑनलाइनच्या नादात वेळ गेला, उरलेल्या वेळात जमलं तेवढं विकलं. हे पूर्णपणे सिद्ध झालेलं नाही. तरी ‘निवड करावी लागली’ या खुलाशापेक्षा ते जास्त पटण्यासारखं आहे, असं मला वाटतं.

तलाव नोव्हेंबर 2014 मध्ये फुकट परत आले. टॉडलरना जानेवारी 2017 उजाडलं. तेही फुकट आणि कसलाही गाजावाजा न करता. अपडेट झाला आणि मुलं हजर. काम इतकं चांगलं होतं की टीकाकारही गप्प झाले. त्याच ऑगस्टमध्ये टॉडलरचे कपडे आणि खेळणी विकणारा ‘टॉडलर स्टफ’ पॅक आला. पाळण्यातल्या बाळाची सुटका व्हायला 2023 चा मार्च लागला. रांगती बाळं फुकट आली आणि दोनच दिवसांनी कुटुंबावरचा नवा एक्सपान्शन पॅक, म्हणजे मोठा पॅक, विक्रीला आला. फुकट तुकड्याच्या शेपटाला विकतचा तुकडा, ही पद्धत तोवर सगळ्यांना पाठ झाली होती. पहिल्या भागातला घरफोड्या चोर तर चौथ्या भागात 2025 मध्ये उगवला. चालवता येणाऱ्या गाड्यांची वाट अजून पाहिली जाते.

‘अर्धवट खेळ विकून बाकीचा तुकड्यातुकड्याने विकतात’ या आरोपाचा उगम असा आहे. सगळ्यात स्पष्ट उदाहरण पाळीव प्राण्यांचं. 2002, 2006, 2011 आणि 2017, प्रत्येक भागात प्राणी वेगळे विकत घ्यावे लागले. इथवर ठीक, तो रिवाजच होता. पण 2011 च्या एकाच पॅकमध्ये कुत्री, मांजरं, घोडे आणि पिंजऱ्यातले लहान प्राणी असं सगळं मिळालं होतं. चौथ्या भागात कुत्री-मांजरं 2017 मध्ये आली, 40 डॉलर. पिंजऱ्यातले प्राणी 2018 मध्ये, 10 डॉलर. आणि त्या पॅकचा पुरा उपयोग हवा तर आधीचा पॅक हवाच. घोडे 2023 मध्ये, पुन्हा 40. छापील किमतीने 90 डॉलर झाले.

2021 पासून ‘किट’ नावाचे 5 डॉलरचे छोटे पॅक आले. त्यातल्या एका किटचं नाव ‘फॅशन स्ट्रीट’, मुंबईच्या रस्त्यावरच्या फॅशनवरून बेतलेलं. आपले कपडे खेळात आले याचं कौतुक झालं, आणि ते खरंही होतं. गडद त्वचेच्या छटा नीट दिसत नाहीत ही तक्रार डिसेंबर 2020 मध्ये शंभरावर नव्या छटा आल्यावर कुठे निवळली होती. पण आझाद मैदानाशेजारच्या फॅशन स्ट्रीटवर निदान घासाघीस तरी करता येते.

2025 अखेर चौथ्या भागाचे एक्सपान्शन पॅक 20 झाले. दुसऱ्या भागाचे 8 होते, तिसऱ्याचे 11. इतके थर एकावर एक चढल्यावर काहीतरी तुटणारच. जुलै 2022 च्या अपडेटनंतर काही सिम भराभर म्हातारे व्हायला लागले आणि काहींना आपल्याच घरातल्या माणसांबरोबर डेटवर जायची इच्छा होऊ लागली. हसून हसून पुरेवाट झाली, पण वर्षानुवर्षं जपलेलं घराणं ज्यांनी त्यात गमावलं ते हसले नाहीत. मे 2024 मध्ये मूळ खेळाच्या दुरुस्तीसाठी वेगळा गट नेमल्याचं जाहीर करावं लागलं. ‘पाचवा भाग नाही’ ही बातमी त्यानंतर चार महिन्यांनी आली. म्हणजे डागडुजी चाललेल्या या घरातच राहायचं, हे कायमचं ठरलं. आणि शेजारचं नवं घर, ‘प्रोजेक्ट रेने’, पुन्हा ऑनलाइनच. 2002 चा ‘द सिम्स ऑनलाइन’ 2008 मध्ये बंद पडला होता, हे जुन्या खेळाडूंच्या लक्षात आहे.

मग असाच खेळ आणणारे दुसरे कोण? ‘लाइफ बाय यू’कडून 2023 मध्ये फार आशा होत्या: एकसंध जग, मॉडना, म्हणजे खेळाडूंनी स्वतः केलेल्या बदलांना, मोकळं रान. तारखा लांबत गेल्या आणि जून 2024 मध्ये तो खेळ बाजारात यायच्या आतच रद्द झाला. ‘इनझॉय’ मार्च 2025 मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आत विक्रीला, आला. बनवणारी कोरियन कंपनी आपल्याकडे बीजीएमआय या मोबाइलवरच्या खेळामुळे घराघरात माहीत आहे. पहिल्या आठवड्यात दहा लाख प्रती खपल्या. रंग हवे तसे बदलता येतात, शहरात लोडिंग स्क्रीनशिवाय फिरता येतं, गाड्या आहेत, आणि अर्ली ॲक्सेस संपेपर्यंत भर फुकट, असं आश्वासन. हे सगळं 2014 ची तक्रारयादी समोर ठेवून लिहिल्यासारखंच आहे. टीका झाली ती वेगळ्याच जागी: दिसतं देखणं, पण माणसं पोकळ. दोघं भांडली काय, प्रेमात पडली काय, चेहऱ्यावर फारसा फरक नाही. ज्या भावनांसाठी चौथ्या भागाने टॉडलर सोडले, त्या भावनांची आठवण खेळाडूंना इथे आली. शिवाय किमान गरज आरटीएक्स 2060 दर्जाच्या ग्राफिक्स कार्डाची. ‘ओपन वर्ल्ड, म्हणजे एकसंध जग, हवंच’ म्हणणाऱ्या अनेकांकडे तेवढं मशीन नाही, आणि ही अडचण मागण्यांच्या याद्यांमध्ये क्वचितच दिसते.

सप्टेंबर 2025 मध्ये ‘सिम्स’ची मालक कंपनी 55 अब्ज डॉलरला विकायचा करार जाहीर झाला. खरेदीदारांत सौदी सरकारचा निधी आहे. समलिंगी जोडप्यांना पहिल्या भागापासून जागा देणाऱ्या खेळाचं पुढे काय, हा प्रश्न लगेच आला आणि काही नामांकित व्हिडिओकारांनी कंपनीच्या व्हिडिओकारांसाठीच्या अधिकृत योजनेतून अंग काढून घेतलं.

उरला ‘पॅरालाइव्ह्ज’. 2019 मध्ये जाहीर झालेला, चाहत्यांच्या मासिक वर्गणीवर उभा राहिलेला, छोट्या गटाचा खेळ. विकतचे पॅक कधीच आणणार नाही, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. डिसेंबर 2025 ची तारीख तोंडावर आलेली असताना त्यांनी ती मे 2026 वर ढकलली. चाचणी खेळणाऱ्यांना बग सापडले होते आणि गावात करण्यासारखं पुरेसं नाही असं वाटलं होतं, हे कारणही लपवलं नाही. सहा वर्षं थांबलेल्या लोकांनी चिडायला हवं होतं. बहुतेकांनी लिहिलं ते एवढंच, की घाई करू नका, पूर्ण करूनच आणा.